कार्बोरेटरमंदी तुमची लाख

विलासचे बाबूजी,

तुमी गेल्यापासून एक ओळ लिहली नाई, न् आजच काऊन लिहून राह्यली म्हणसान. मलेच समजून नाई राह्यलं. हसू येते, मंदीच रडू येते. तुमची लबाडी सापडली ना! आता ते इचारू कोणाले? तुमालेच इचारते.

तुमची सवाऱ्या नेणारी जीप पेट्रोल गाळाले लागली होती. खाली थेंब थेंब न् अंगणभर वास. तुळशीचा दिवा बी मी मागच्या दारानं नेऊ लागली. आपला विलास म्हणे, "माय, एक दिवस घर पेटन. नागपूरचा एक जण जुन्या गाड्या जमवते, त्याले देऊन टाकू." तुमची नात अंजू आता आयटीआयमंदी मोटर मेकॅनिकचं शिकून आली. ती बापासमोर उभी झाली. "बाबा, गळणं थांबलं तर?"

"तो माणूस येईपर्यंत थांबव, मंग ठेव तुही जीप."

झालं! पोरगी बोनेटात डोकं घालून बसली. थेट तुमच्यावर गेली आहे. जेवाले हाक मारली तर "हो हो" म्हणते न् येत नाई. तुमी एका पोळ्याले पुरणपोळी अशीच थंडी केली होती, आठवते? दूध बी मांजरानं पेलं. जाऊ द्या, कार्बोरेटर गळत होता, त्याचं सांगत होती.

त्याच्या पोटात पितळेचा एक पोकळ गोळा राह्यते, फ्लोट म्हणते त्याले. पेट्रोल भरलं का तो तरंगत वर येते न् पेट्रोलची वाट बंद करते. अंजूनं तो कानापाशी हलवला, तर आतच पेट्रोल डुचमळे! बुडलेला गोळा वाट काय बंद करन?

भोक काही दिसे ना. मंग अंजू म्हणे, "आजी, गंजभर कढत पाणी दे, पण चुलीपासून दूर, अंगणात." पाण्यात गोळा दाबला तर एका जागेतून बुडबुडे! तिथी काठाले तांबूस काही चिकटलेलं. "हे काय आहे वं आजी?" मी पाह्यलं न् वळखलंच. लाख! आपल्या पळसावरची लाख. जी वितळवून मी विळ्याची मूठ बसवते, तीच!

काऊन हो? तुमी तर नागपूरहून नवा पार्ट आणला म्हणले होते! मी साऱ्या गावाले सांगत फिरली. न् त्याच वक्ती तुमच्या अंगठ्याले फोड आला होता, "चहानं भाजलं" म्हणले. चहानं कोणाचा अंगठा भाजते! लाख लावलेल्या गाडीत लोक बसले नसते म्हून खोटं बोलले का? का मी बसली नसती म्हून?

बरं, इतके साल टिकली तर आताच काऊन सुटली? अंजू म्हणे, "आजी, निव्वळ पेट्रोलनं लाखेले काही होत नाई. पण आता पेट्रोलमंदी इथेनॉल मिसळते. दारूत राह्यते तेच. त्यात लाख विरघळते."

"अवं, पण आपल्या जिल्ह्यात तर दारूबंदी आहे!"

पोरगी हसता हसता खालीच बसली. तुमीच सांगा, काय चुकीचं बोलली मी? माणसाले बंदी न् जीपले सूट?

मंग अंजू म्हणे, उरलेली लाख खरडून भोक कथलानं झाळून आणते. माझ्या तोंडून निघालं, "थांब." तुमच्या हातचं होतं ना ते. ठेवलं तर गळन, गळलं तर जीप जाईन. खरडलं तर तुमचं काय राहीन? गोळा पदरात घेऊन मी तशीच बसली. अंजूनं घाई केली नाई, तिकडे तोंड करून पाने-पक्कड पुसत राह्यली. शेवटी मीच दिला तिच्या हातात. बरं केलं का हो?

गोळा उन्हात वाळला, झाळला, बसला. जीप चालू केली तर खाली कोरडं! विलास वाकून बोट फिरवे न् वास घे. "मान गये बेटा," म्हणे.

न् काल तो नागपूरचा आला. चांगला माणूस, माझ्या पाया पडला. जीपचा आवाज ऐकून तर पागलच झाला. "मावशी, आता देऊनच टाका. काचेच्या खोलीत ठेवतो, धूळ लागू देणार नाही." पाहा आता! गळणं थांबलं तर जीप राहीन वाटलं, न् हा तर अजूनच मांगे लागला. विलास माझ्याकडे पाहे, अंजू माझ्याकडे पाहे. मले बी त्याचं पटे. इथी चिखल न् खड्डे, तिथी जपून राहीन. पण बोलून गेली, "रविवारी गाडी कामात आहे, भाऊ."

"मग सोमवारी, मावशी?"

"सोमवारी बी."

तो हसला न् चहा पिऊन गेला. काम कोणतं ते मले काय ठाऊक! पण आताच कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काकू, रविवारी जीप बाजाराले जाते म्हणते, आमच्या टोपल्या घेसान का?" हे कोणी सांगतलं? अंजूनंच, दुसरं कोण!

तुमाले शब्द देते. जीप इतक्यात काचेत नाई जाणार. अंजू म्हणन तोवर रस्त्यावर चालन, न् ज्या दिवशी ती "आजी, आता पुरे" म्हणन, त्या दिवशी किल्ली मी आपल्या हातानं त्या नागपूरवाल्याले देईन. तवा मले कोणी थांबवू नका, तुमी बी नाई.

तुमची,
विलासची माय