वकीलसाहेबांचं लाळेरं

आंबुरव्हिल, नदीचा डावा काठ
सोमवार, २३ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप क्लेमान्स मावशीस,

फिलिबेरकडून उजव्या गालावर दोन आणि डाव्या गालावर दोन असे मोजून चार पापे. (मागच्या पत्रात मी दोनच पाठवले म्हणून तू रुसून बसलीस, असं तुझ्या लेकीने कळवलं. मावशी, पोस्ट बंद व्हायला आलं होतं, मनात चारच होते.) तुझे गुडघे कसे आहेत? दिएपची खारी हवा गुडघ्यांत शिरते हे तू लेकीकडे राहायला जाण्याआधीच मी म्हणालो होतो, पण आमचं कोण ऐकतं. इकडे सगळं ठीक. सफरचंदं यंदा लहान पण रसाळ निघाली, सायडर पिंपात घालून झाली. माझी कंबर सकाळी धरते आणि दुपारी सोडते. फेरीबोटीवरची नोकरी संपल्यापासून मला पाय जमिनीवर ठेवून उभं राहायची सवय अजून व्हायची आहे, दळणवळण खात्याचं पेन्शन मात्र वेळेवर येतं. एकूण तक्रार नाही. तक्रार एकच आहे आणि ती बदकांची आहे, म्हणून हे पत्र. दुसरं काहीही कारण नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

वकीलसाहेब तुला आठवत असतील. तू गेलीस तेव्हा ते पिल्लू होते आणि तुझ्या चपलेत बसत. आता त्यांचं पाचवं वर्ष संपत आलंय. अंगावर कोटासारखा काळा रंग, उन्हात गेले की मानेवर हिरवी झाक, शेपटीला नराची दोन वळलेली पिसं आणि छातीवर ती पांढरी गळपट्टी, कोर्टात उभं राहायला निघाल्यासारखी. पंखांच्या टोकाला दोन-तीन पांढरी पिसं, ती नसतील तर आमची दुक्लेर जात नव्हेच. फक्त आवाज नाही. (आवाज या जातीत बायकांना असतो. नर नुसते घशातल्या घशात कुजबुजतात. वकिलाला हे किती गैरसोयीचं आहे ते मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही.) एका जागी बसणं त्यांना माहीत नाही. सकाळी दार उघडलं की खाजणातून, बागेतून, शेजाऱ्याच्या कोबीतून फिरत संध्याकाळी परत, आणि स्वतःचं पोट स्वतः भरून. अशी गुणी जात, आणि तिची आज ही दशा. कारण सरळ आहे. हिचं कौतुक सगळे करतात ते ताटात. रुआँच्या खानावळींत लोक डोळे मिटून हिचं नाव घेतात, पण पाळायची म्हटली की प्रत्येकाला बाजारातलं पांढरं, ढोबळ, लवकर वाढणारं बदक हवं असतं. बाबांच्या वेळी या काठावर अकरा घरांत ही बदकं होती. आता एका घरात आहेत, म्हणजे आहेत असं तरी कसं म्हणू. एक आहे.

कारण माद्या गेल्या. मार्चमध्ये कोल्ह्याने दोन नेल्या. तिसरी ऑगस्टमध्ये मोठ्या भरतीच्या पाण्यावर बसून वर गेली ती रुआँच्या दिशेने गेली, आणि रुआँहून बदक परत आल्याचं मी ऐकलेलं नाही. तेव्हापासून घरात हिरवट अंडं नाही. ऑम्लेट कोंबडीच्या अंड्याचं करतो आणि खिन्न होतो. वकीलसाहेब सकाळी तीन माद्यांच्या जागी उभे राहून कुजबुजतात आणि मग माझ्या बुटांमागून फिरतात. सहावं वर्ष लागलं की नराचा काही भरवसा नसतो. म्हणजे हा येता वसंत साधला नाही, तर बाबांनी आणि त्यांच्या बाबांनी राखलेली ही जात माझ्या अंगणात, माझ्या हातून संपली. मावशी, मी थट्टा करत लिहितोय खरं, पण याचं मला फार वाईट वाटतं.

आता तू म्हणशील, नदीपलीकडे तुझी धर्मकन्या सिदोनी आहे की. आहे. चुनखडीच्या कड्याखालच्या त्या घरात, पाच काळ्या माद्यांसह आहे. तिचा नर गेल्या हिवाळ्यात मेला. तिने बाजारातून एक भलामोठा तपकिरी नर आणला, पिल्लं झाली ती बापावर गेली, एकाच्याही छातीवर पांढरं नाही. (तिने तो नर रविवारी शिजवला असं ऐकतो. चांगला झाला होता असंही ऐकतो.) म्हणजे तिच्याकडे माद्या आहेत आणि नर नाही, माझ्याकडे नर आहे आणि माद्या नाहीत, मधे सेन नदी आणि फुकटात नेणारी फेरीबोट. मुलालाही सुटेल असं हे गणित. पण तुझ्या नातवाने चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतला, त्या कम्युनियनच्या जेवणात मी काय बोललो ते तुला आठवतंच. जेवणाच्या मध्यावर पोटात जागा व्हावी म्हणून काल्वादोसचा, आपल्या सफरचंदाच्या कडक दारूचा, पेला घेतात, त्या दिवशी मला जरा जास्तच जागा लागली. सिदोनी आपल्या बदकांच्या गळपट्ट्यांविषयी सांगत होती, त्या गळ्यापर्यंत चढतात हे खरं होतं, आणि मी सगळ्या टेबलासमोर म्हणालो की या गळपट्ट्या नव्हेत, लाळेरी आहेत, आणि तीही सूप सांडलेली. सगळे हसले. ती हसली नाही. त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी फेरीबोटीवर दोर टाकायचो तेव्हा ती माझ्याकडे न बघता माझ्या हातावर पाय देऊन चढायची. (निळा कोट, तपकिरी टोपी, हातात जाळीची पिशवी. उगाच लक्षात राहिलं.)

जाऊन माफी माग, असं दिएपला म्हणतही असतील. आपल्याकडे असं होत नाही हे तुला सांगायला नको. आपल्याकडे हवं ते मागत नाहीत आणि विचारलेल्याला हो म्हणत नाहीत. समोरच्याने आपण होऊन द्यावं अशी वेळ त्याच्यावर आणायची, आणि तोवर हवामानावर बोलायचं. म्हणून मी बेत केला. दुक्लेरला नोव्हेंबरात पाळीव पक्ष्यांचं प्रदर्शन असतं. वकीलसाहेबांनी तिथे पहिली लाल फीत मिळवली की सिदोनीला पाच माद्या आणि एक नर हे गणित आपोआप सुटेल, तीच पिशवी घेऊन माझ्या दारात येईल, आणि मी म्हणेन, बघू, बहुतेक, सांगता येत नाही.

बेतात एकच अडचण होती. शरदात पिसं झडून नवी आली तेव्हा वकीलसाहेबांची गळपट्टी चढली. वय झालं की या जातीत पांढरं वर सरकतं. आधी दोन पिसं, मग बोटभर, मग थेट हनुवटीखाली. मी आरशात बघतो तसाच प्रकार. पण परीक्षक, ते मस्यू व्होकलँ, जातीच्या नियमांचं पुस्तक काखेत घेऊन झोपतात म्हणे. त्यात स्पष्ट आहे, गळपट्टी छातीवर, गळ्यावर नाही. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर ते लाळेरं होतं. देव असा हिशेब चुकता करतो.

तेव्हा मी प्रदर्शनाच्या सकाळी चुलीच्या धुराड्यातून वाटीभर काजळी काढली. ती कोरडी लावून भागेना, झटकली की उडे. कशात तरी कालवायला हवी होती. मावशी, तूच सांग, आपल्या घरात कुठलीही गोष्ट कालवायची तर कशात कालवतात? मासा असो, अंडं असो, दाराचं करकरणारं बिजागर असो. मी लोणी घेतलं. चांगलं, सकाळचं, मीठ न घातलेलं. वकीलसाहेबांना मांडीवर घेऊन गळ्याला बोटाने चोपडलं, आणि खोटं कशाला बोलू, फार सुरेख दिसले. वर लोण्याने चकाकी आली ती वेगळीच. फेरीबोटीवर एका बाईचा कुत्रा अख्खी नदी टोपली हुंगत होता, मी म्हणालो याला बदकांचा षोक दिसतो.

प्रदर्शनाच्या दालनात पाऊल टाकलं आणि दारातच थांबलो. मधोमध मोठी शेगडी धडधडत होती, आणि दुक्लेर जातीचे पिंजरे, दुर्मिळ म्हणून मानाने, शेगडीला लागून ठेवलेले. शेजारच्या पिंजऱ्यात सिदोनीची मादी. आणि पिंजऱ्यातून पक्षी काढून परीक्षकांसमोर धरायचं काम कोणाकडे? सिदोनीकडे. ठेवणीतलं पांढरं ब्लाऊज घालून. मी दाराशी उभा राहून टोपी पिळत होतो. लोणी शेगडीजवळ किती वेळ टिकतं हे आपल्यात पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मला ते तेव्हा आठवलं.

व्होकलँ आले. सिदोनीने वकीलसाहेबांना उचललं. तीन महिन्यांनी मादीचा आवाज कानावर पडलेला, त्यात उकडलेलं, साहेबांनी जन्मात केली नव्हती अशी धडपड केली आणि मान लांब करून तिच्या छातीवर दोनदा घासली. बाजूला झाले तेव्हा साहेबांचा गळा पांढराशुभ्र होता आणि सिदोनीचं ब्लाऊज गळ्यापासून कमरेपर्यंत काळं. लोण्याचा वास सुटला. व्होकलँनी ब्लाऊजला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि कोणाच्या मालकीचा पक्षी म्हणून चिठ्ठी वाचायला वाकले. मावशी, रंगवलेला पक्षी आणला की पक्षीपालकांच्या मंडळातून नाव कायमचं जातं. बाबांचं नाव त्या मंडळाच्या पहिल्या पानावर आहे.

सिदोनीने माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षांत पहिल्यांदा. मग व्होकलँना शांतपणे म्हणाली, "सकाळी शेगडी मी साफ केली, मस्यू. हात नीट पुसले नव्हते. पक्षी स्वच्छ होता, मीच घाण केला."

"आणि लोणी?"

"न्याहारी केली होती."

व्होकलँनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुस्तक उघडलं आणि लिहिलं, गळपट्टी फार वर, क्रमांक नाही. तेवढंच. शेजारच्या पिंजऱ्यातल्या तिच्या मादीला पहिली फीत मिळाली. गळपट्टी अगदी नियमात, गोल, जिथल्या तिथे. मला आश्चर्य वाटलं, पण त्या दिवशी आश्चर्य वाटून घ्यायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी धक्क्यावर ती आली. कोटाची बटणं वरपर्यंत लावलेली. मी टोपी काढली आणि माफीचं एक वाक्य पाठ केलं होतं ते विसरलो. तिनेच सुरुवात केली.

"लोण्यात कालवतात का रे, गाढवा? अक्रोडाची हिरवी सालं आठ दिवस भिजवायची. पावसात सुद्धा जात नाही."

मला क्षणभर कळेना. मग तिच्या टोपलीतल्या मादीकडे पाहिलं आणि कळलं.

"तू कधीपासून?"

"तू सुपाचं बोललास तेव्हापासून," ती म्हणाली.

मावशी, अठ्ठावन्न वर्षांचा झालो, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. एक बाई एकटी कड्याखालच्या घरात बसून दीड वर्ष अक्रोडाची सालं भिजवते, का, तर एका माणसाने पेला जास्त घेतला होता. मी म्हणालो, गारठा वाढणार असं दिसतं. ती म्हणाली, वाढेलही, किंवा नाही वाढणार. तेवढ्यात बोटीने भोंगा दिला आणि मी चढलो. मधल्या पाण्यात आल्यावर वकीलसाहेब टोपलीतून मागे बघत कुजबुजत होते, आणि मीही मागेच बघत होतो.

याला आठ दिवस झाले. बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना गरम विटेचा शेक दे, आणि लेकीला सांग की मी तिच्यावर रागावलेलो नाही, रागावलो होतो ते संपलं.

तुझा आज्ञाधारक भाचा,
फिलिबेर ओझू

ता. क. – मूळ मुद्दा राहिलाच. तू सिदोनीची धर्ममाता आहेस, तुझा शब्द ती मोडत नाही. वसंतापुरती एक मादी माझ्याकडे पाठवायला तिला लिहिशील का? मी सुचवलं असं लिहू नकोस. तुला दिएपला बसल्या बसल्या सुचलं असं लिही.

ता. क. २ – लिहितेच आहेस तर हेही विचार, की मादीच्या बरोबर तिला स्वतःला यावंसं वाटतं का. कायमचं. घर कोरडं आहे, धुराडं मी स्वच्छ केलेलंच आहे. दोन दात सोडले तर माझे सगळे माझेच आहेत. ब्लाऊजचं कापड मी घेऊन ठेवलंय, पांढरं.

ता. क. ३ – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. दोन्ही गोष्टी एकदम मागितल्या तर तिला जास्त वाटेल, आणि आपली माणसं दोनदा हो म्हणत नाहीत. तेव्हा एकच विचार. बदकाचं राहू दे. बाबांनी राखलेली जात ओझूने घालवली म्हणून दोन्ही काठांवरचे लोक बोलतील, बोलू देत. पण तिला एकदा तिच्या बदकांच्या गळपट्ट्या वाटेल तिथपर्यंत चढू दे म्हणावं, मला त्या तशाच आवडतात.