चार निळे ठिपके

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

कुरिअर आलं. संग्रहालयाच्या दुकानातला तेविसावा दागिना! चांदीचं कडं, वर मीनाकाम — कुठल्याशा जुन्या लमाणी कड्याची हुबेहूब नक्कल. याआधीचे पोपट, कमळं, हत्ती डब्यात आहेत. अस्सल घ्यायची ऐपत नाही, आणि नक्कल मिरवावी तर औंढ्यात बघणार कोण? म्हणून डबा.

सोबत माहितीचा कागद. कड्यावरचे चार निळे ठिपके म्हणे ‘चार दिशांचं आदिम प्रतीक’. चारही एकाच बाजूला! वर दोन, खाली दोन. लिहिणाऱ्याच्याच दिशा हुकल्या असाव्यात.

१३ नोव्हेंबर

तांड्यावरची रूपाबाई मेथी घेऊन आली. माझ्या हातातलं कडं पाहून टोपली उंबऱ्यावरच ठेवली. ठिपक्यांवर बोट फिरवत राहिली.

“ह्ये आमच्या मिनाचे दात हायेत, ताई.”

मिना — तिची धाकटी बहीण. दीड वर्षाची होऊन गेली. आईचं पोकळ कडं चावायची, त्याचे हे खळगे. पोरीचा फोटोसुद्धा नाही. मागे राहिलं ते एवढंच.

“मग कडं गेलं कुठं?”

“खिळा निखळला व्हता. आईनं एका शहाण्या माणसाजवळ देलं, हिंगोलीहून नीट करून आणाया. जीपमधून पडलं म्हणे! आई मरेस्तोवर नाव न्हाई बोलली. म्हणायची, शहाणा माणूस हाय, पडलंच आसंल.”

ही नक्कल, अस्सल कडं शहरातल्या संग्रहालयात आहे, असं मी सांगितलं. जाताना थांबली. “तिथं कोणी नेऊन देलं, इचारता का ताई?”

विचारते म्हटलं.

नक्कल करणाऱ्याने खळगेही सोडले नाहीत. मिनाच्या दातांत मीना भरला! कोटी लगेच सुचली. मग लाज वाटली.

१४ नोव्हेंबर

कडं डब्यात. तरी बोटाला खळगे लागतात.

१९ नोव्हेंबर

संग्रहालयाचं उत्तर. मूळ कडं १९७४ साली भेट आलेलं. देणगीदार — राधाकृष्ण गुरुजी.

आमचे आप्पा, माझे वडील! जन्मभर फळ्यावर सुविचार लिहिले त्यांनी. त्याच वळणदार अक्षरातलं पत्र जोडलंय: ‘कड्यास किरकोळ खळगे आहेत, क्षमस्व.’

२० नोव्हेंबर

“लागलं का नाव, ताई?”

“नाही. नाव लिहिलेलं नाही.”

“बराबर हाय,” रूपाबाई म्हणाली. “चोर काहून नाव लिहील!”

मला तकलीफ दिली म्हणून मेथीची एक जुडी जास्तीची ठेवून गेली.