मला अक्का म्हणाले

बेंगळूर, मंगळवार संध्याकाळ, १९९६

सुमे, माझ्या रोजनिशीत तारीख घातलीस का? विसरभोळी, अगदी आजोबांवर गेलीस!

पण आज ही थट्टा माझ्याच अंगावर आली. दवाखान्यात तुझे आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, तुम्ही कोण?" जन्मभर "अगं" म्हणणारा माणूस! मला वाटलं, फुप्फुसातला कॅन्सर डोक्यात गेला. डॉक्टर म्हणाले, "त्या आजारानं रक्तातलं मीठ उतरलंय, म्हणून भ्रम होतोय. पाणी स्वल्पच द्या. मीठ हळूहळू चढवू."

चढेल ना? आणि चढूनही मी अक्काच राहिले तर?

रडू नकोस, लिही. उद्या डब्यात पातळ सार नको. भात आणि लिंबाचं लोणचं पाठव. "अगं, किती खारट!" म्हणून ओरडू देत मला.