तबकडीवरचं नाव

९ जानेवारी २०२५

नीलेश गेला. सकाळी दहिवलीत स्टुडिओचं शटर उचलताना कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय बेचाळीस! श्रद्धाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी साजगावला कारखान्याच्या लॅबमध्ये होते. हातातला फॉर्म पूर्ण भरला, मग निघाले. फॉर्म का भरला, कोण जाणे.

११ जानेवारी

रडू येत नाही.

१९ जानेवारी

श्रद्धाने बोलावलं. तबकड्या छापून आल्यात — खोक्यांत शंभर. कोंडाण्याच्या गौराबाईंची हळदीची गाणी. दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेली. नीलेशच्या रेकॉर्ड कंपनीचं शेवटचं काम.

कंपनी म्हणजे काय — तो, एक रेकॉर्डर आणि बंद पडलेल्या भातगिरणीतली एक खोली. पहिली तीन वर्षं मीही त्याची भागीदार होते. मग मला नोकरी लागली. तो कधी टोचून बोलला नाही. नवीन काही निघालं की घरी आणून द्यायचा. "ऐक नि खरं सांग." मी बऱ्याचदा न ऐकताच 'छान' म्हणायचे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२३ जानेवारी

सुट्टी घेतली. श्रद्धा नि मी कोंडाण्याला गेलो, प्लेअर घेऊन. गौराबाई अंगणात एकट्याच वाल निवडत होत्या. नीलेशचं सांगितलं.

"आमचा नीलेश?" एवढंच. मग वालाचं सूप बाजूला ठेवलं.

सुई टेकवली. त्या कान देऊन ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "ही मी नाय गं. ही आवडी."

आवडी म्हणजे त्यांची जाऊ. गेल्या वर्षी वारली.

"मावशी, नीट ऐका ना."

"मी नाय का वलखायची तिला? आवडीच हाय!"

परतताना श्रद्धाचं एकच — "त्यानं नाव चुकवलं? त्यानं?" चहा करून देणाऱ्या बाईचंही नाव छापणारा माणूस तो.

२६ जानेवारी

शंभर कव्हरांवर चिठ्ठ्या लावल्या. 'गायिका : आवडी'. मी लिहिल्या, श्रद्धाने चिकटवल्या. साठ-सत्तर झाल्यावर मला त्याचा भयंकर राग आला. छापण्याआधी एकदा विचारायचं तरी! आणि मग रडले — तिच्यासमोर, डिंकाने बरबटलेल्या हातांनी. तीही रडली. मग उरलेल्या पूर्ण केल्या.

३० जानेवारी

आवडीचे यजमान नामाभाऊ साजगावातच मुलाकडे असतात, असं कळलं. कामावरून सुटल्यावर गेले.

"आवडीचा आवाज हाय तुमच्याकडं?" बसले होते ते उभेच राहिले. घरात तिचा एक फोटो आहे, तोही आधारकार्डावरून मोठा केलेला. रविवारी येतो म्हणाले.

२ फेब्रुवारी

नामाभाऊ आले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. एक बाजू पूर्ण ऐकली. मग सावकाश म्हणाले, "गानारी गौरावैनीच हाय. आवडीला कवा गाताच येत नव्हतं. वैनीचं हल्ली सगलं गोंधलतं."

श्रद्धाने नि मी एकमेकींकडे पाहिलं.

त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवायला लावली. बोट वर केलं.

"मागं टाली वाजते ना? ती आवडी."