डेलनचं हेल्मेट

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

सप्टेंबरपासून पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू असला की संघाची फिजिओ म्हणून पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधण्यातच माझा दिवस जातो.

आमचं कॉलेज सलग नऊ सामने जिंकलं. काल शेवटचा हरलो, तो कदाचित माझ्यामुळे. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, डेलन डोक्यावर आपटला, तेव्हा तो भानावर आहे का ते बघायला मी त्याला वार विचारला. "गुरुवार," म्हणाला. मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि त्यावरच बसले.

"मॅडम, द्या ना. चारच गुणांनी मागे आहोत."

"आधी वार सांग."

"शुक्रवार?"

परतताना बसमध्ये कुणी मला बोल लावला नाही. उलट पोरं आळीपाळीनं डेलनला वार विचारत होती. शेवटी तो "शनिवार" म्हणाला, तेव्हा सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. नऊ विजयांपेक्षा मला त्या टाळ्यांचा अभिमान वाटतो.

तुम्ही खेळायचात तेव्हा कितीही वेळा डोकं आपटलं तरी हेल्मेट काढून घेणारं कुणी नव्हतं. काल मी डेलनचा विचार करत होते की तुमचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गोळ्या वेळेवर घेता ना? उत्तर लिहाल तेव्हा पत्राच्या वर तारखेसोबतचा वार आईला न विचारता लिहा.

तुमची,
कॉरिन

ता. क. उद्या दहा वाजता डेलनला डॉक्टरकडे न्यायचं आहे.