बंद तलावातली सकाळ

प्रिय लाटसाहेब,

महापौर झालास म्हणून घरातलं नाव सुटणार नाही, हे तुला माहीत आहेच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू भाषण करतोस आणि मी मुकाट्याने ऐकते. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

बाबा बरे आहेत. अर्धांगवायूनंतर जो पाय नुसता फरफटत यायचा, तो आता उचलतात. काल काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंत आले आणि वर मलाच विचारलं, चहाला एवढा उशीर का. मला हसू आलं, रडूही आलं. हे तुझ्यामुळे झालं रे. पाण्यात चालवा, असं डॉक्टर म्हणाले. पण चारचौघांत उघड्या अंगाने उतरायला बाबा लाजायचे. तेव्हा तू पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर फोन केलास आणि लोकांच्या वेळेआधी दार उघडायला लावलंस. मुलगा म्हणून तू चुकलास, असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

पण आता पेपरवाले त्याला 'महाराजांचं स्नानगृह' म्हणतात, विरोधक सभेत टॉवेल फडकावतात, वर चौकशी समिती बसली आणि मतदान तोंडावर आलं. इतकी वर्षं रस्त्यांसाठी, दिव्यांसाठी झिजलास आणि एका टॉवेलापायी खुर्ची डळमळते आहे. माझाही जीव तुटतो. समोरच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, बापासाठीच केलं ना त्याने, आमचं मत त्यालाच. मग टाका घालता घालता म्हणाल्या, माझ्या सासूलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, पण आमच्यासाठी कोण दार उघडणार.

परवा तुझा वकील येऊन गेला. गोड बोलतो. मी समितीपुढे एवढंच सांगायचं म्हणे, की तलावावरच्या जीवरक्षकाने ओळखीखातर आपणहून दार उघडलं, तुला पत्ताच नव्हता. म्हणजे तू सुटलास आणि त्या बिचाऱ्याची नोकरी गेली. महापौरांच्या फोनला तो नाही कसा म्हणणार होता? आणि तो नुसतं दार उघडून बसत नव्हता. कपड्यांसकट पाण्यात उतरायचा. एकीकडून मी बाबांना धरायचे, दुसरीकडून तो.

म्हणून लिहिते आहे. सोमवारी मला समितीने बोलावलं आहे आणि फोन तूच केला होतास, हे मी सांगणार आहे. हे तुला पेपरातून कळू नये. त्याआधी तू स्वतः जाऊन बोललास तर बहिणीला भावाविरुद्ध तोंड उघडावं लागणार नाही. माझं मत तुलाच आहे, कुणी काही म्हणो. बाबांनाही सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, पडला तर पडू दे, रोज सकाळी माझा हात धरायला तरी मोकळा होईल.

तुझीच,
ताई