स्वामित्वहक्काचा हत्ती

सोमवार, ६ जानेवारी

आज स्टाफरूममध्ये मुख्याध्यापिकाबाईंचे फर्मान. यापुढे वर्गाच्या भिंतीवरचे प्रत्येक चित्र कुणाचे आणि त्याची परवानगी घेतली आहे का, हे सांगता आले पाहिजे. इंटरनेटवर दिसले म्हणून उचलले, हे बंद. पुढच्या शनिवारी खात्याचे मोठे साहेब हेच पाहायला येणार. ज्याचा वर्ग उत्तम, त्याच्याकडे सगळ्या शाळेच्या चित्रांचा कारभार.

बोलताना बाई माझ्याकडेच पाहत होत्या. म्हणजे कारभार कुणाचा हे ठरलेलेच. तिसरी ब-च्या बाई म्हणाल्या, सर, तुमच्या मागे घड्याळ आहे. मत्सर, दुसरे काय.

संकल्प: माझ्या तिसरी अ-मध्ये उचललेले एकही चित्र राहणार नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

संकल्प सिद्धीस. वाघ, देवमासा, फळे, पाण्याचे चक्र, सगळे उतरवले. सगळे उचललेलेच निघाले. पाण्याच्या चक्रावर आडवा पुसट शिक्का होता. इतकी वर्षे मी तो पाऊस समजत होतो.

मुलांनी विचारले, सर, आपल्याला दुसरी खोली मिळणार का? मी स्वामित्वहक्कावर तास घेतला. चित्र ही काढणाऱ्याची वस्तू. वापरायची तर आधी विचारायचे. हो म्हणाला तर खाली त्याचे नाव लिहायचे. नाही म्हणाला तर मुकाट्याने सोडून द्यायचे. वर्ग भारावला. खिडकीजवळची मुलगी, जी वर्षभरात एक शब्द बोललेली नाही, तीसुद्धा टक लावून ऐकत होती.

बुधवार, ८ जानेवारी

ब-च्या बाई म्हणतात, वापरायला मोकळी सोडलेली चित्रे मिळतात हो, खाली एक ओळ लिहिली की काम झाले. त्यात पुरुषार्थ कसला? नेटवर एक देखणा हत्ती सापडला. त्या पानावर ज्या फोटोग्राफरचे नाव होते, त्याला थेट ईमेल केले. प्रास्ताविक, शाळेचा इतिहास, गजमाहात्म्य आणि शेवटी विनंती. बायकोने वाचून पाहिले. म्हणाली, अहो, नेमकं मागताय काय त्याच्याकडे?

शुक्रवार, १० जानेवारी

फोटोग्राफरचे उत्तर नाही. मौनं संमतिलक्षणम्. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न ईमेलच्या आधीच सोडवून ठेवला आहे. हत्तीची मोठी प्रिंट काढली, लॅमिनेट केली, भिंतीवर चढवली.

शनिवार, ११ जानेवारी

फोटोग्राफरचे उत्तर आले. लिहितो, आपले पत्र वाचायला दोन बैठका लागल्या. मी फक्त लग्नांचे फोटो काढतो. हत्ती माझा नाही. माझ्या पानावर तो कसा आला, ते मलाही माहीत नाही.

हत्ती उतरवला.

रविवार, १२ जानेवारी

परावलंबन पुरे. स्वतः काढायचे. शाळेत असताना चित्रकलेत माझा हात चांगला होता, असे मला आठवते. दुपारभर बसून हत्ती काढला. बायको चहा घेऊन आली, बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, बटाटा चांगला जमलाय, पण त्याला शेपूट कशाला?

चित्र कपाटावर ठेवले. काळाच्या पुढचे आहे.

सोमवार, १३ जानेवारी

हिरा सापडला. चित्रकलेच्या तासाला खिडकीजवळच्या मुलीने हत्तीण आणि पिल्लू काढले. पाण्यात पाय ठेवावा की नाही, या विचारात पडलेले पिल्लू. वही मागून घेतली, ऑफिसात मोठी झेरॉक्स काढली. कोपऱ्यात तिने नाव लिहिले होते, वाकडेतिकडे. सौंदर्यदृष्टीने तेवढे कापले. खाली लिहिले, ‘संकल्पना: वर्गशिक्षक’. भिंतीच्या मधोमध लावले.

ती समोरच उभी होती. काही बोलली नाही. मौनं संमतिलक्षणम्.

गुरुवार, १६ जानेवारी

ती बोलली.

टेबलापाशी येऊन म्हणाली, सर, तुम्ही विचारलं नाहीत. मी म्हटले, अगं, शाळेसाठीच आहे ना. म्हणाली, नावपण कापलंत. मी मन मोठे करून म्हटले, बरं, आता विचारतो. नाव पुन्हा लिहितो. लावू का? ती म्हणाली, नाही.

मुख्याध्यापिकाबाईंकडे धाव घेतली. म्हटले, कारण तरी सांगायला लावा तिला. बाई म्हणाल्या, मालकाला कारण सांगावं लागतं, असं शिकवलंत का तुम्ही? मग बाकीच्या मुलांकडे त्यांची चित्रे मागितली. कुणी विचारले तर ‘नाही’ म्हणता येते, हा शोध वर्गाला नुकताच लागला होता. सगळे आळीपाळीने नाही म्हणाले. काहींनी तर चित्र नसतानाही म्हटले.

ब-च्या बाईंच्या वर्गात मोकळी सोडलेली चित्रे आहेत, खाली एकेक ओळ. बाईंकडे दोन मागावीत असे मनात आले. पण आपणहून विचारणे बरे दिसत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

भिंत रिकामी. उद्या साहेब. शांतपणे विचार केला. ज्याच्या स्वामित्वाबद्दल जगात कुणीही शंका घेणार नाही, असे एकच चित्र माझ्यापाशी आहे. कपाटावरून काढले, धूळ झटकली. बायको म्हणाली, अहो, नका ना. भिंतीच्या मधोमध लावले. खाली लिहिले, ‘चित्र: स्वतः’. नाव मिरवण्याचा मला तिटकारा आहे.

शनिवार, १८ जानेवारी

साहेब आले. हत्तीसमोर बराच वेळ थांबले. मी परवानगीची सगळी माहिती पाठ केली होती. त्यांनी ती विचारलीच नाही. एवढेच विचारले, हे कुणी काढलं?

मुख्याध्यापिकाबाई घड्याळाकडे पाहू लागल्या. या वेळी मी घड्याळाच्या पुढे नव्हतो. वर्ग गप्प. मीही गप्प.

साहेबांनी आमच्या मौनाचा त्यांना सुचला तो अर्थ घेतला. जवळ उभी होती ती नेमकी खिडकीजवळची. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, छान प्रयत्न आहे हं बाळ, सरावानं सुधारेल.

कारभार ब-च्या बाईंकडे गेला.

मधल्या सुट्टीत ती पुन्हा टेबलापाशी आली. म्हणाली, सर, खाली तुमचं नाव लिहा. लोकांना ते माझं वाटतंय.

कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहीत होतो. म्हणाली, मोठं लिहा.

लिहिले.